माउस नसलेल्या ऑफिसातल्या कंट्रोलताई

कंट्रोलताईंना कोणी 'सावकाश होऊ द्या' म्हणालं की त्यांच्या डोक्यात तिडीक जायची. सावकाश व्हायला मी काय दुखण्यातून उठलेय, असं त्या फाडकन विचारायच्या आणि समोरच्याने उत्तर देईपर्यंत त्यांचं काम झालेलं असायचं. जिना उतरताना एक पायरी गाळायची, फोनवर 'हॅलो' गाळायचं, आणि कोणी वाक्य सुरू केलं की ते त्याच्या आधी आपणच संपवून टाकायचं. वाक्य भलतंच संपायचं ते सोडा, पण लवकर संपायचं.

नोकरी मात्र बाईंना मिळाली होती जगातल्या सगळ्यात सावकाश ठिकाणी. बस डेपोच्या तळघरात हरवलेल्या सामानाचं ऑफिस आहे, तिथे. खिडकी म्हणाल तर छताला टेकलेली, तिच्यातून फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट दिसतात. आत लांबच लांब लोखंडी मांडण्या, आणि त्यांच्यावर लोकांनी बसमध्ये विसरलेलं काय वाट्टेल ते. छत्र्या तर विचारूच नका. शिवाय जेवणाचे डबे, एकेक हातमोजे, कवळ्या, पक्ष्याचा रिकामा पिंजरा, आणि कुबड्या. आता कुबड्या टेकत बसमध्ये चढलेला माणूस त्या विसरून उतरतो कसा, हे कोडं त्या ऑफिसात आजवर कोणाला सुटलेलं नाही.

माणसं चारच. साहेब, म्हणजे नावाचे साहेब. मऊ स्वभावाचा माणूस, डेपोच्या शिपायालाही 'जरा त्रास देऊ का' असं विचारून त्रास देणारा. दुसरे छत्रीकाका. त्यांच्याकडे छत्र्या, आणि छत्री ज्याला म्हणता येणार नाही पण जी उघडते आणि मिटते अशी प्रत्येक वस्तू. तिसऱ्या लेबलवहिनी. आलेल्या वस्तूला लेबल चिकटवायचं, नंबर द्यायचा, आणि मालक आला की त्याची उलटतपासणी घेऊनच वस्तू सोडायची, हे त्यांचं काम. हात इतका बसलेला की जरा वेळ हलली नाही अशी कुठलीही गोष्ट त्यांच्या तावडीतून सुटायची नाही. एकदा दुपारी डुलकी लागलेल्या छत्रीकाकांच्या बाहीवर नंबर पडला होता. चौथ्या आपल्या ताई, कॉम्प्युटरवरच्या नोंदींच्या प्रमुख. तसं प्रत्येकाच्या टेबलावर कॉम्प्युटर होता, नोंदी सगळेच करायचे, पण प्रमुख कोण, तर ताई.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. या ऑफिसात माउस नव्हता. एकाही कॉम्प्युटरला नव्हता.

पूर्वी होते हो, चारही होते. साहेबांच्या माउसवर चहा सांडला. छत्रीकाकांच्या माउसवर एक जाडजूड छत्री मांडणीवरून पडली, दांड्याच्या बाजूने. ताईंचा माउस असाच एक दिवस जागच्या जागी गेला, काही न सांगता. आणि लेबलवहिनींचा माउस? तो टेबलावर बराच वेळ हलला नव्हता. त्याला लेबल लागलं, तो मांडणीवर गेला, आणि एक गोड बोलणारा माणूस 'हा माझाच' म्हणून घेऊनही गेला. साहेबांनी मुख्य कार्यालयाला नवे माउस मागितले. मुख्य कार्यालय म्हणालं, आधी जुने चारही जमा करा. चारातला एक तर गावात कुठेतरी सुखाने नांदत होता, तो आणायचा कुठून? तीन जमा केले तर म्हणे, चौथा कुठाय. झालं. त्या दिवसापासून मागणी अडकली ती अडकलीच, वर्षं लोटली तरी.

पहिल्या दिवशी सगळे हातावर हात धरून बसले. ताईंना बसणं कुठलं जमायला! त्यांनी रागारागाने कीबोर्डवरचं टॅबचं बटण बडवलं, आणि काय आश्चर्य, स्क्रीनवरची खूण एका चौकटीतून उडी मारून पुढच्या चौकटीत गेली. पुन्हा बडवलं, आणखी पुढे. शिफ्ट धरून बडवलं तर मागे! मग ऑल्ट दाबलं तर वरचा मेनू उघडला, आणि त्यात प्रत्येक कामापुढे उजव्या अंगाला बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं, की हे काम कुठल्या बटणांनी होतं. इतकी वर्षं ते तिथेच लिहिलेलं होतं आणि कोणा मेल्याने वाचलं नव्हतं! ताईंनी ते सगळं वाचलं. कंट्रोल सी ने उचलायचं, कंट्रोल व्ही ने ठेवायचं, कंट्रोल एफ ने शोधायचं, कंट्रोल एस ने जपायचं. माउसची उजवी कळ दाबून जे उघडतं ते शिफ्ट आणि एफ टेनने उघडतं, हे सापडलं त्या संध्याकाळी बाई घरी गेल्या त्या जिन्याच्या दोन दोन पायऱ्या गाळत.

मग शिकवणी सुरू झाली. प्रेमाने शिकवणं ताईंच्या स्वभावात नव्हतं, त्या ओरडून शिकवायच्या. "अहो काका, वरच्या ओळीतलंच खाली हवंय ना? मग काय पुन्हा टायपत बसलाय? कंट्रोल डी दाबा, वरचं खाली उतरेल!" छत्रीकाकांना कंट्रोल डी म्हणजे पर्वणीच झाली. पाऊस झाला की दिवसभर काळ्या छत्र्याच यायच्या. काका एकदा 'काळी छत्री, दांडा वाकडा' असं लिहायचे आणि मग डी, डी, डी करत सुटायचे. त्या भरात एक कवळीही 'काळी छत्री, दांडा वाकडा' म्हणून नोंदली गेली, आणि कवळीचा मालक काउंटरवर बोळक्या तोंडाने भांडत असताना काका त्याला छत्र्याच दाखवत राहिले.

साहेबांना कंट्रोल झेडचं फार कौतुक. केलेलं परत न केलेलं होतं, यावर त्यांचा कितीतरी दिवस विश्वासच बसेना. ते मुद्दाम चुका करायचे आणि झेड दाबून खुदकन हसायचे. लेबलवहिनींना ऑल्ट टॅब आवडलं, कारण काउंटरवर कोणी आलं की पत्त्यांचा खेळ नोंदींच्या पानामागे झटकन लपायचा. आणि खुर्चीवरून उठताना विंडोजचं बटण आणि एल दाबून स्क्रीनला कुलूप लावायचं, हा ताईंचा सगळ्यांना दम होता. "घरातून निघताना दार सताड उघडं टाकता का? मग?" ज्याने कुलूप लावलं नाही त्याच्या स्क्रीनवर परत येईपर्यंत ताईंनी मोठ्ठ्या अक्षरात 'मी बावळट आहे' असं लिहून ठेवलेलं असायचं. साहेबांच्या स्क्रीनवर त्या 'मी बावळट आहे, साहेब' असं लिहायच्या. शेवटी मान ठेवायला नको?

एकदा छत्रीकाकांनी काय बटणं दाबली देव जाणे, स्क्रीन उलटी झाली. पार खाली डोकं वर पाय. ताई त्या दिवशी दाढ काढायला गेल्या होत्या. काकांनी अर्धा दिवस मान वाकडी करून काम केलं, मग वैतागून अख्खा मॉनिटरच उलटा करून दोन डब्यांच्या आधाराने उभा केला आणि निवांत बसले. दुसऱ्या दिवशी ताई आल्या, सुजलेल्या गालाने हा देखावा पाहिला, आणि एका हाताने कंट्रोल, ऑल्ट आणि वरचा बाण दाबून स्क्रीन सरळ केली. सरळ म्हणजे उलट्या मॉनिटरवर उलटी. "आता काय केलंत हो हे!" काका कळवळले. ताईंना हसू आवरेना आणि गाल तर हलवता येईना, अशी पंचाईत.

तर असं सगळं. सकाळपासून मांडण्यांच्या पलीकडून हाका यायच्या. "ताईऽऽ, माझं पान कुठे गेलं?" "ताईऽऽ, अक्षरं एवढुशी झाली!" ताई धावायच्या. या टेबलाकडून त्या टेबलाकडे, मध्ये छत्र्यांचा ढीग ओलांडून, कंबरेवर हात ठेवून. "एक मिनिट टेकू देत नाहीत मेले," असं त्या दिवसातून कितीदा म्हणत असतील. पण खरं सांगायचं तर त्या हाकांवरच बाई जगत होत्या. घरी मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. नवरा घरी, पण त्याला कशाचीच घाई नाही, त्यामुळे मदतही नको. मुळात घरात कॉम्प्युटरच नव्हता. 'ताई' म्हणून जिवाच्या आकांताने हाक मारणारी माणसं त्यांना जगात एकाच ठिकाणी होती, त्या तळघरात.

आणि एका सकाळी खोका आला.

सगळ्यांच्या आधी ताईच यायच्या, हे वेगळं सांगायला नको. डेपोचा हमाल खोका ठेवून "मुख्य कार्यालयाकडून, बाई" असं म्हणून गेला. ताईंनी चिकटपट्टी फाडली. आत नवेकोरे माउस, शेपट्या गुंडाळून बसलेले. वरती कुठेतरी साहेब बदलले असतील, कोणालातरी जुनी मागणी सापडली असेल, चौथ्या माउसचा हट्ट सुटला असेल. कारण काहीही असो, माउस आले होते.

ताई खुर्चीवर मटकन बसल्या. माउस आल्यावर कोण कशाला हाक मारेल? टिचकी मारली की काम. गरज सरो, वैद्य मरो! उद्यापासून काका काकांच्या टेबलावर, साहेब साहेबांच्या, आणि आपण आपल्या कोपऱ्यात, बूट मोजत. आयुष्यात कधी कोणाची टाचणी न उचललेल्या त्या बाईने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, खोका उचलला आणि शेवटच्या मांडणीवर लहान मुलांच्या ढकलगाड्यांच्या मागे नेऊन ठेवला. दोनच दिवस, असं त्यांनी स्वतःला बजावलं. मनाची तयारी झाली की काढू.

आता मला सांगा, अख्ख्या शहरात वस्तू लपवायला दुसरी जागा नव्हती? पण चोरीची सवय नसलेल्या माणसाचं हे असंच होतं. त्याच दुपारी लेबलवहिनी ढकलगाड्यांवरची धूळ झटकायला गेल्या. मागे एक खोका, हलत नाहीये. झालं! लेबल लागलं, नंबर पडला, आणि कॉम्प्युटरवर नोंद झाली : 'खोका, आत माउस, विसरणारा अज्ञात.' वहिनींना वाटलं, कोणीतरी बसमध्येच विसरला असेल आणि काकांनी आळसाने मागे ढकलला असेल.

ताईंनी संध्याकाळी नोंदी तपासताना ती ओळ पाहिली आणि त्यांना घामच फुटला. आता खोका नुसता लपलेला राहिला नव्हता, तो रीतसर हरवला होता. हरवलेली वस्तू मालकाने खूण पटवल्याशिवाय हलवायची नाही, हा नियम. आणि वहिनींचं त्या गोड बोलणाऱ्या माणसाने एकदा तोंड पोळलेलं, त्यामुळे त्या ताकही फुंकून पीत होत्या.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. ताईंचे हात चुकायला लागले. उचलायचं तिथे पुसायच्या, ठेवायचं तिथे बंद करायच्या. काकांनी हाक मारली की दचकायच्या. दोन दिवसांचे किती दिवस झाले ते त्यांनाही कळेना. आणि मग मुख्य कार्यालयाचा फोन आला.

"माउस चालू झाले का?" पलीकडून विचारलं.

"कुठले माउस?" साहेब म्हणाले.

पुढचा बराच वेळ साहेब फक्त "हो" आणि "नाही" म्हणत उभे होते. फोन ठेवून ते रुमालाने कपाळ पुसत म्हणाले, "खोका पाठवलाय म्हणतात. पोचलाही म्हणतात. म्हणजे आपल्याकडून हरवला. हरवलेल्या सामानाच्या ऑफिसातून, हरवला!"

"हरवला असेल तर अर्ज करा," लेबलवहिनी म्हणाल्या. त्यांचा यात काही वाकडा हेतू नव्हता, त्यांना दुसरा मार्गच माहीत नव्हता.

साहेबांनाही ते पटलं. ते उठले, सगळा वळसा घालून बाहेर गेले, आणि काउंटरच्या पलीकडे लोक उभे राहतात तिथे जाऊन उभे राहिले. वहिनींनी चष्मा नाकावर चढवला.

"काय हरवलंय?"

"खोका. माउस होते त्यात."

"कोणत्या बसमध्ये विसरलात?"

"बसमध्ये नाही हो वहिनी, इथेच."

"इथे तर हरवलेल्या वस्तू सापडतात. हरवतात त्या बाहेर. बरं, आहे तसा एक खोका आमच्याकडे."

"आहे?" साहेब काउंटरवर चढायचेच बाकी राहिले. "द्या की मग!"

"असा कसा देऊ? तुमचाच कशावरून? खूण सांगा. खोक्यावर काय आहे, वायरीचा रंग काय, कुठे फाटलाय का?"

"मी तो पाहिलेलाच नाही! मला काय माहीत?"

"पाहिलेला नाही आणि म्हणे माझा," वहिनी काकांकडे वळून म्हणाल्या. "एकदा असंच ऐकून दिला होता मी माउस. आता नाही फसायची."

"अहो, मी तुमचा साहेब आहे!"

"काउंटरच्या आत असता तेव्हा."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! छत्रीकाका मध्यस्थीला गेले तर वहिनींनी त्यांनाही खूण विचारली. ताई आपल्या कोपऱ्यात कीबोर्डवर डोळे लावून बसल्या होत्या. खूण त्यांना ठाऊक होती. खोक्याचा एक कोपरा चेपलेला होता, चिकटपट्टी त्यांनीच नखाने फाडलेली होती. तोंड उघडायचा अवकाश होता. पण ते काही केल्या उघडेना.

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. साहेब काउंटरला वळसा घालून धावत आत आले. फोनचा आवाज एवढा मोठा की सगळ्यांना ऐकू येत होतं. हमाल सांगतोय, त्याने खोका एका बाईंच्या हातात दिला. तुमच्याकडे बाया दोन. कोण ती, सांगा.

साहेबांनी वहिनींकडे पाहिलं नाही, ताईंकडेही पाहिलं नाही. भिंतीकडे बघत ते म्हणाले, "आमच्याकडच्या बायका तशा नाहीत. दिला असेल, आणि मीच मांडणीवर ठेवून विसरलो असेन. चूक माझी."

पलीकडून हुकूम आला, उद्या सकाळी समक्ष येऊन खुलासा द्या. आणि स्वतःचा खोका सांभाळता येत नाही त्याने लोकांचं सामान सांभाळू नये. तिकिटांच्या गोदामात जागा रिकामी आहे. साहेबांनी फोन ठेवला आणि नेहमीसारखं "जरा त्रास देऊ का?" असं विचारून काकांकडे पाणी मागितलं.

त्या संध्याकाळी ताई घरी आल्या त्या एकेक पायरी उतरत चढत. नवऱ्याने ते पाहिलं. ताईंचे यजमान निवृत्त बस ड्रायव्हर. साधा कांदा चिरायचा तरी आधी त्याच्याकडे नीट बघून घेणारा माणूस. ताटात घास तसाच राहिलेला बघून ते म्हणाले, "बोल."

आणि कधी नव्हे ते ताई काहीही न गाळता, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं बोलल्या. बोलता बोलता रडल्या. "माझ्यापायी त्या देवमाणसाची बदली होईल हो. आणि सांगितलं तर तिघंही माझं तोंड बघणार नाहीत. मग मी जाऊ कुठे?"

ड्रायव्हरसाहेबांनी पाणी प्यायलं. तांब्या जागेवर ठेवला. मग म्हणाले, "माझा एकदा रस्ता चुकला होता. भरलेली बस, आणि मी पार भलत्याच गावाकडे निघालो. कळलं तरी तसाच दामटत राहिलो, कुठेतरी वळण मिळेल म्हणून. कसलं मिळतंय! शेवटी बस उभी केली आणि मागे वळून सांगितलं, मंडळी, चुकलो बुवा."

"मग?"

"शिव्या घातल्या की. ढीगभर."

"आणि उतरून गेले?"

"जातात कुठे? रानात?" ते म्हणाले. "शिव्या देत बसून राहिले. मी बस वळवली."

दुसऱ्या दिवशी साहेब इस्त्रीचा शर्ट घालून आले. खुलासा द्यायला निघण्याआधी सगळ्यांचा निरोप घ्यायचा होता त्यांना. पण ते आत पाऊल टाकतात तोच त्यांना दिसलं की ताई काउंटरच्या पलीकडे, लोकांच्या बाजूला उभ्या आहेत. समोर लेबलवहिनी, शेजारी छत्री झटकत छत्रीकाका.

"खोका सोडवायला आलेय," ताई म्हणाल्या. "खूण सांगते. डावा कोपरा चेपलेला आहे. चिकटपट्टी मधोमध फाटलीय, नखाने. आतले माउस काळे, आणि एकाची वायर बाकीच्यांपेक्षा सैल गुंडाळलीय, कारण ती सोडून मी परत गुंडाळली."

वहिनींनी खोका आणून ताडून पाहिला. सगळं तंतोतंत जुळलं. "बरोबर," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "पण ताई, तुम्हाला कसं..."

"मीच लपवला." ताईंनी या वेळीही वाक्य आधीच संपवलं. "साहेब, तुम्ही कुठे जायचं नाही. मी जाते खुलासा द्यायला. हे माउस आले की तुम्ही मला हाका मारायचं बंद कराल, म्हणून लपवला. दुसरं काही कारण नाही. मला घरी कोणी हाक मारत नाही. झालं. द्या आता शिव्या."

कोणीच शिव्या दिल्या नाहीत. छत्रीकाका घसा खाकरत राहिले. लेबलवहिनी उगाच लेबलांची गुंडाळी उलगडत बसल्या. शेवटी काकाच म्हणाले, "ताई, माउस तर माझ्या घरी पण आहे."

"असेल. मग?"

"मग म्हणजे... नातवाचा जुना. कधीही आणून लावता आला असता."

"आमच्याकडे दोन आहेत," वहिनी पुटपुटल्या. "एक तर वापरातच नाही."

ताईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. माउस मागणीशिवाय, मंजुरीशिवाय, नुसता घरून पिशवीत घालूनही आणता येतो, हे त्या चलाख बाईच्या डोक्यात इतक्या वर्षांत एकदाही आलं नव्हतं.

"मग आणले का नाहीत?"

दोघंही साहेबांकडे बघायला लागले. साहेबांचे कान लाल झाले. "मी आणला होता एकदा," ते म्हणाले. "बायकोने घेऊन दिला होता. सकाळी लावला. दिवसभर काही अडलं नाही, तुम्हाला हाक मारावी लागली नाही. तुम्ही त्या दिवशी माझ्या टेबलाकडे फिरकला नाहीत, ओरडला नाहीत, काही नाही. मला काही करमलं नाही हो. संध्याकाळी काढून ठेवला."

"मला सांगितलं होतं साहेबांनी," काका म्हणाले. "मग मीही आणला नाही."

"आणि मला काकांनी," वहिनी म्हणाल्या.

ताई काउंटरला धरून उभ्या राहिल्या. डोळे भरून वाहायला लागले, नाक लाल झालं, आणि त्याच वेळी राग असा उसळून आला की काही विचारू नका.

"म्हणजे माझ्यावाचून काही अडत नव्हतं तुमचं! सोंगाडे मेले! आणि मी इथून तिथे, तिथून इथे, छत्र्यांवरून उड्या मारत पळतेय इतकी वर्षं? माझे गुडघे गेले की हो! कळ येते जिना चढताना! एकाला, एकाला तरी दया आली का?"

मग लेबलवहिनी आत गेल्या, आपल्या टेबलाची खुर्ची धरली आणि घरघर ओढत ताईंच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. त्यामागून काकांनी आपली आणली. "खोका सापडला, एवढाच खुलासा पुरे," असं म्हणत साहेबांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि आपली जडच्या जड खुर्ची ढकलत ढकलत नेली.

"या, बसा तुम्ही आता," साहेब म्हणाले. "यापुढे आम्हीच येत जाऊ."